रकान्याच्या डोक्यावर टिचकी

स्तंभलेखकाने स्तंभाविषयीच लिहावयास घेतले म्हणजे वाचकांना वाटते, याच्याजवळचे विषय संपले. तसे काही झालेले नाही. वर्तमानपत्रातला स्तंभ निराळा आणि हिशेबाच्या तक्त्यातला निराळा. इंग्रजीत दोघांनाही ‘कॉलम’ या एकाच नावाने हाक मारतात. आपण सुदैवाने दुसऱ्याला रकाना म्हणतो. यंदाच्या दिवाळीला मी त्या रकान्याविषयी, किंबहुना त्याच्या फक्त डोक्याविषयी, चार गोष्टी सांगणार आहे.

दिवाळीचा आणि रकान्याचा संबंध जुना आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर स्वस्तिक काढून ‘शुभ लाभ’ लिहिण्याची चाल अजून आहे. फरक इतकाच, की पुष्कळ दुकानांतून आता वहीच्या शेजारी, कित्येक ठिकाणी तर वहीच्याच जागी, संगणक मांडलेला असतो आणि कळफलकाच्या फटींत अक्षता जाऊ नयेत म्हणून त्यावर रुमाल पसरलेला असतो. वही गेली तरी वहीतले रकाने मात्र जसेच्या तसे पडद्यावर येऊन बसले आहेत.

ज्यांच्या घरी कोणी हिशेबनीस होऊन गेले, त्यांना रोजकीर्द आणि खतावणी ही जोडी ठाऊक असेल. रोजकिर्दीत रकमा तारखेप्रमाणे मांडायच्या आणि मग त्याच रकमा खतावणीत खातेवार उतरवायच्या. तेलाच्या डब्याचे पैसे एकच वेळ दिले, पण लिहायचे दोन वेळा: एकदा ‘केव्हा दिले’ म्हणून आणि एकदा ‘कोणाला दिले’ म्हणून. ग्रंथालयातही हाच प्रकार होता. एका पुस्तकाची कार्डे तीन, एक लेखकाच्या नावाने, एक पुस्तकाच्या नावाने आणि एक विषयवार. पुस्तक एकच, पण विचारणारे तीन तऱ्हांनी विचारणार, म्हणून खणही तीन ठिकाणी. क्रम बदलून हवा असेल तर सबंध यादी नव्याने लिहून काढण्यावाचून गत्यंतर नसे. कारकुनांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे या उतरवण्यात गेले.

आता पडद्यावर एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी आणा. नाव, इमारत, सदनिका, थकबाकी, पैसे भरल्याची शेवटची तारीख असे पाच रकाने आहेत. ‘थकबाकी’ या मथळ्यावर माऊसने टिचकी मारली, की साऱ्या ओळी उठतात आणि थकबाकीप्रमाणे बसतात. पुन्हा टिचकी मारली, की उलट्या क्रमाने बसतात. ‘नाव’वर मारली, की नावाप्रमाणे. सबंध खतावणी एका टिचकीत तयार होते आणि दुसऱ्या टिचकीत मोडते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की मथळ्यावर टिचकी मारून काही झाले नाही तर तो प्रोग्रॅम आपल्याला बिघडलेला वाटतो.

परंतु ही सोय आपोआप येत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती बसवावी लागते आणि बसवताना दोन प्रश्नांची उत्तरे यंत्राला नीट समजावून द्यावी लागतात. पहिला प्रश्न, या रकान्यात कोणत्या जातीची वस्तू आहे? दुसरा, पडद्यावर दिसणारी ही ओळ आतल्या कोठीतल्या कोणत्या नोंदीची? यांतले एक उत्तर जरी चुकले, तरी भलत्याच माणसाच्या दारावर नोटीस लागते. ती कशी लागते, ते पाहण्याआधी ही क्रम लावण्याची विद्या आली कोठून, ते थोडक्यात पाहू.

अमेरिकेत १८९० साली शिरगणती झाली, तेव्हा हर्मन हॉलरिथ या गृहस्थाने भोके पाडलेल्या कार्डांवर लोकांची माहिती घेऊन ती विजेच्या यंत्राने मोजून दाखवली. पुढे या कार्डांची मोठी घराणी झाली. १९२८ साली आय.बी.एम. कंपनीने ८० रकान्यांचे कार्ड काढले. कार्डे क्रमाने लावण्याची यंत्रेही झाली. त्यांपैकी ०८२ क्रमांकाचे यंत्र मिनिटाला ६५० कार्डे गिळून ती १३ खणांत टाकी. मात्र हे यंत्र एका फेरीत कार्डावरचा एकच रकाना वाचत असे. चार अंकी सभासद-क्रमांकाप्रमाणे कार्डे लावायची तर गठ्ठा चार वेळा यंत्रातून काढावा लागे.

आता गंमत पाहा. तुम्हां-आम्हांला वाटेल, आधी हजारांचा अंक पाहावा, मग शतकाचा, मग दशकाचा. यंत्रचालक नेमके उलटे करीत. आधी एककाप्रमाणे लावायचे, तो गठ्ठा न विस्कटता उचलायचा, मग दशकाप्रमाणे, मग शतकाप्रमाणे आणि सर्वांत शेवटी हजाराप्रमाणे. चौथी फेरी संपली की गठ्ठा बरोबर १ पासून ९९९९ पर्यंत लागलेला! विश्वास बसत नसेल तर दिवाळीच्या सुटीत मुलांना पत्त्यांवर करावयास सांगा. आधी सगळे पत्ते एक्क्यापासून राजापर्यंत लावा, मग तोच गठ्ठा वरून एकेक पत्ता घेत चार रंगांच्या चार ढिगांत वाटा. प्रत्येक ढिगात पत्ते आपोआप क्रमाने आलेले दिसतील. अट एकच. वाटताना आधीची रांग मोडावयाची नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

यानंतर खरे संगणक आले आणि कार्डांऐवजी स्मृतीतल्या नोंदी हलू लागल्या. १९६० च्या सुमारास टोनी होर हा इंग्रज तरुण मॉस्कोच्या विद्यापीठात होता. रशियनचे इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करवून घेण्याच्या खटपटीत तो पडला होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर ओळीने लिहिलेला असल्यामुळे वाक्यातले शब्द आधी क्रमाने लावून घेणे भाग होते. त्या निकडीतून त्याला जी युक्ती सुचली ती क्विकसॉर्ट या नावाने प्रसिद्ध आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लावणाऱ्या मास्तरांना ती सहज पटेल. गठ्ठ्यातली एक पत्रिका निवडायची, तिच्याहून लहान क्रमांकाच्या डावीकडे, मोठ्या उजवीकडे, आणि मग प्रत्येक ढिगाचे पुन्हा तसेच करीत जायचे. १०,००० नोंदींतली प्रत्येक नोंद प्रत्येक दुसरीशी ताडून पाहायची म्हटली तर जवळजवळ पाच कोटी तुलना कराव्या लागतील. चांगल्या रीतीने हेच काम दीड-दोन लाखांच्या आसपास भागते. टिचकी मारताच ओळी लगेच बसतात, चहा करून येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही, याचे श्रेय या हुशारीला आहे.

तरी सामान्य माणसाच्या हाती ती टिचकी यायला वेळ लागला. १९८३ साली निघालेल्या लोटस वन-टू-थ्रीमध्ये क्रम लावण्याची सोय होती. पण तेथे आधी यादीतून ‘डेटा’, मग ‘सॉर्ट’ निवडा, मग कोठून कोठपर्यंत ते सांगा, मग मुख्य रकाना, मग दुय्यम रकाना, असा सगळा संकल्प सोडावा लागे. १९९५ च्या ऑगस्टात विंडोज ९५ आले आणि त्यातल्या फायलींच्या यादीत मथळे बटणांसारखे दाबता येऊ लागले. बँकेच्या काउंटरपासून सोसायटीच्या कचेरीपर्यंत लोकांना जी सवय जडली, ती मुख्यतः तेथून. रकान्याच्या डोक्यावरचा तो चिमुकला त्रिकोणही हळूहळू रुळला. त्याचे टोक वर असेल तर चढता क्रम, खाली असेल तर उतरता, असा विंडोजचा रिवाज आहे. माझ्या मते हा त्रिकोण मथळ्याइतकाच महत्त्वाचा आहे. यादी कशाप्रमाणे लागली आहे हेच कळले नाही, तर ‘सर्वांत वर असलेला’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

आता नोटिशीकडे येऊ. समजा, एका सोसायटीचे खजिनदार निवृत्त गृहस्थ आहेत आणि त्यांची नात संगणकाचे शिक्षण घेते आहे. तिने आजोबांसाठी जावा भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जावात असा तक्ता मांडण्याचे तयार सामान मिळते, त्याचे नाव जे-टेबल. पूर्वी त्याला क्रम लावण्याची अक्कल नव्हती, प्रोग्रॅमर मंडळी ती आपल्या पदरची जोडीत. २००६ च्या डिसेंबरात जावाची सहावी आवृत्ती आली आणि तेव्हापासून एक ओळ लिहिली की सगळे मथळे टिचकीला उत्तर देऊ लागले. नातीने ती ओळ लिहिली. आजोबांनी थकबाकीच्या मथळ्यावर दोनदा टिचकी मारली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“अगं, इकडे ये जरा. तुझ्या प्रोग्रॅमनं नऊशे पन्नासवाल्याला तेवीस हजारवाल्याच्या डोक्यावर बसवलंय!”

“आजोबा, त्याला तो आकडा वाटतच नाहीये. अक्षरं वाटतायत.”

“म्हणजे?”

“म्हणजे शब्दकोशात कसं, पहिलं अक्षर आधी बघायचं. नऊशे पन्नासचं पहिलं अक्षर नऊ, तेवीस हजारचं दोन. नऊ मोठा, म्हणून तो वर.”

“आणि पुढची शून्यं?”

“ती बघायची वेळच येत नाही.”

पडद्यावर उतरत्या क्रमाने ९५०, ८७००, २३०००, १२४०० अशी उतरंड लागलेली होती. यात यंत्राचा दोष नाही. रकान्यात काय जातीची वस्तू आहे असे जे-टेबलने विचारले, तर न शिकवलेला तक्ता ‘काहीतरी आहे’ एवढेच उत्तर देतो. मग प्रत्येक वस्तूचे अक्षरांत रूपांतर करून ती शब्दकोशाच्या रीतीने लावली जाते. कोठीत खरोखरचे आकडे ठेवलेले असले तरीही! ‘या रकान्यात आकडे आहेत’ असे एकदा स्पष्ट सांगितले, की गाडी रुळावर येते. हीच फसगत आणखी कितीतरी वेषांत भेटते. रकमेत स्वल्पविराम घालून किंवा पुढे ‘रु.’ लावून ती कोठीत ठेवली, की ती पुन्हा अक्षरेच झाली. स्वल्पविराम आणि ‘रु.’ हे पडद्यावर नटून येण्याचे दागिने आहेत. कोठीत रक्कम निव्वळ आकड्याच्या रूपातच राहिली पाहिजे.

तारखांचे तर विचारूच नका. आपण दिवस आधी लिहितो, मग महिना, मग साल. अक्षरांच्या न्यायाने ०१-१२-२०२३ ही तारीख ०२-०१-२०२० च्या आधी बसते, कारण एक हा दोनाच्या आधी. जवळजवळ चार वर्षे जुना भरणा नव्याच्या खाली, आणि खजिनदार म्हणतात, यांनी अलीकडेच तर पैसे भरले! १९८८ साली आय.एस.ओ. या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ८६०१ क्रमांकाचे मानक काढले, त्यात साल आधी, मग महिना, मग दिवस अशी रीत आहे. तशी लिहिलेली तारीख अक्षरे म्हणून लावली तरी बरोबर बसते. मोठे आधी आणि लहान मागून, ही सरळ गोष्ट. घरातले मुंजीचे-लग्नाचे फोटो संगणकात ठेवणाऱ्यांनी फायलींच्या नावात अशी तारीख घालून पाहावी. विंडोज एक्स्पीने २००१ साली फायलींच्या नावातले आकडे आकडे म्हणून ओळखावयास आरंभ केला. त्याआधी दहावा फोटो दुसऱ्याच्या अगोदर येऊन बसत असे आणि वधूवरांना वाटे, सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी झाली की काय.

आकड्यांची चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती अधिक वाईट.

नातीने आकड्यांची दुरुस्ती केली. आता तेवीस हजारवाले सर्वांत वर आले. आजोबांनी पहिली ओळ निवडली आणि ‘नोटीस छापा’ हे बटण दाबले. नोटीस छापून आली ती पहिल्या मजल्यावरच्या, सदनिका क्रमांक एकमधल्या बाईंच्या नावाची. त्यांची थकबाकी शून्य. बाई एकट्या राहणाऱ्या, दर महिन्याच्या दोन तारखेला धनादेश आणून देणाऱ्या. ती नोटीस सूचनाफलकावर लागली असती तर जिना चढता-उतरता चाळीस बिऱ्हाडांनी ती वाचली असती. आणि छापील कागदावर आपल्याकडे लोकांचा फार विश्वास!

असे का व्हावे? आपण पंगतीचा दाखला घेऊ. निमंत्रणाच्या वहीत पाहुण्यांची नावे ज्या क्रमाने लिहिली, त्याच क्रमाने ते पंगतीत बसत नाहीत. पंगतीत वडील मंडळी वरच्या बाजूला बसतात, पोरेटोरे दाराजवळ. पंगत बदलली म्हणून कोणी निमंत्रणाची वही नव्याने लिहीत नाही. मथळ्यावर टिचकी मारल्यावर तेच घडते. पडद्यावरची पंगत बदलते, कोठीतली वही जशीच्या तशी राहते. आजोबांनी पंगतीतला पहिला दाखवला. प्रोग्रॅमने वहीतला पहिला उचलला. वहीत पहिल्या कोण, तर सदनिका क्रमांक एकच्या बाई. जावाने यासाठी एक दुभाषा देऊन ठेवला आहे. पडद्यावरच्या ओळीचा क्रमांक त्याच्या हाती दिला, की तो वहीतला क्रमांक परत देतो. पण त्याला दर खेपेस विचारावे लागते. क्रम लावलेला नसताना दोन्ही क्रमांक एकच असतात, त्यामुळे विचारले नाही तरी सगळे सुरळीत चालते. प्रोग्रॅम तपासताना कोणी मथळ्यावर टिचकी मारलीच नसेल, तर चूक महिनोन् महिने लपून बसते आणि एके दिवशी पुसून टाकण्याच्या बटणाखाली सापडते. नोटीस निदान फाडता येते. भलत्याच रुग्णाची नोंद पुसली गेली तर?

कोणताही नवा प्रोग्रॅम घरात, दुकानात किंवा संस्थेत घेताना ही परीक्षा जरूर करावी. यादी उलट्या क्रमाने लावा, मधलीच एक ओळ उघडा आणि उघडली ती तीच आहे ना, ते पाहा. विक्रेता रागावला तर खुशाल रागावू द्यावा.

या जे-टेबलची आणखी एक बारीक खोड सांगण्याजोगी आहे. क्रम लावलेला असताना थकबाकीच्या रकान्यातला आकडा बदलला, तर ओळ त्याच क्षणी आपल्या नव्या जागी पळत नाही, जागच्या जागी थांबते. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला ही सभ्यता वाटते. पानात वाढता वाढता समोरचा पाहुणाच पाट उचलून दुसरीकडे जाऊन बसला, तर वाढणाऱ्याने काय करावे? ज्यांना ओळ पळायला हवी आहे, त्यांना तसे सांगण्याची मुभा आहेच.

पत्ते वाटतानाची अट आठवते ना? तिचा उपयोग येथे आहे. खजिनदारांना इमारतवार यादी हवी आणि प्रत्येक इमारतीत नावे अकारविल्हे हवीत. मग त्यांनी आधी ‘नाव’वर टिचकी मारावी आणि नंतर ‘इमारत’वर. दुय्यम आधी, मुख्य मागून, अगदी कार्डांच्या यंत्रासारखे. मात्र हे साधायचे तर दुसरी टिचकी बसताना पहिलीने लावलेली रांग मोडता कामा नये. होरची क्विकसॉर्ट साध्या रूपात वेगवान खरी, पण सारख्या नोंदींची आपसांतली रांग ती पाळत नाही. २००२ साली टिम पीटर्स यांनी पायथन भाषेसाठी जी पद्धत लिहिली, तिने वेग आणि ही शिस्त दोन्ही सांभाळली, आणि पुढे जावानेही तिचा स्वीकार केला. जे-टेबल तर शेवटी दाबलेले तीन मथळे लक्षातच ठेवते. इमारत सारखी असेल तर नाव पाहते, नावही सारखे असेल तर त्याच्याही आधीचा रकाना.

येथे एक सावधगिरीची सूचना मध्येच घालतो. हे सगळे तक्त्याविषयी झाले, जेथे ओळ म्हणजे एक कुटुंब असते आणि हलते ती सगळी मिळून हलते. एक्सेलसारख्या मोकळ्या पानावर मात्र तुम्ही एकच रकाना निवडून क्रम लावलात, तर तो एकटाच हलू शकतो आणि शेजारचे रकाने जागीच राहतात. मग एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे! एक्सेल अशा वेळी ‘शेजारचे रकानेही बरोबर घेऊ का’ असे विचारते. घाईत त्या प्रश्नाला नकार देऊन मोकळे होणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

राहता राहिला ‘नाव’ हा रकाना, आणि तो आपल्या घरचा आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरीचे युनिकोडातले क्रमांक १९८८ च्या इस्की या भारतीय संकेताच्या धर्तीवर लावले गेले. त्यात सगळ्या भारतीय लिप्या एका साच्यात बसवायच्या असल्यामुळे ळ हे अक्षर ल च्या शेजारी गेले. ल २३५४, ळ २३५५ आणि व २३५७. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत मात्र ळ बसतो ह च्या नंतर. परिणाम असा, की केवळ क्रमांक पाहणाऱ्या प्रोग्रॅमात काळे हे कावळे, काशीकर आणि कासार या तिघांच्याही आधी येतात. वर्णमाला पाठ असलेला माणूस त्यांना या तिघांच्या खाली शोधतो, सापडत नाहीत म्हणतो आणि नवी नोंद करून ठेवतो. दोन नोंदी झाल्या म्हणजे थकबाकीही दोन ठिकाणी विभागली गेली.

क्षीरसागरांची तऱ्हा आणखी निराळी. क्ष हे आपल्या लेखी स्वतंत्र अक्षर, वर्णमालेच्या अगदी शेपटाकडचे. यंत्राच्या लेखी तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा मेळ; म्हणून क्षीरसागर हे कोल्हटकरांच्या खाली आणि खऱ्यांच्या वर जाऊन बसतात. ज्ञानेश्वर असेच ज च्या घरात. भाषेप्रमाणे क्रम लावणारे तयार संच प्रोग्रॅमरांना फुकट मिळतात; त्यांतल्या एकाचे नाव आय.सी.यू., पण त्याचा इस्पितळाशी संबंध नाही. मात्र अशा संचाला ‘ही यादी मराठी आहे’ असे आवर्जून सांगावे लागते. न सांगितल्यास तो सर्व जगाला चालेल असा सरासरी क्रम लावतो, आणि सरासरीत ळ पुन्हा ल च्या शेजारी. मराठी यादीला मराठी क्रम मागणे हा माझ्या मते हट्ट नव्हे; पैसे मोजून घेतलेल्या प्रोग्रॅमकडून तर तो मागितलाच पाहिजे.

सदनिकांचे क्रमांक कोणी देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजीत. अक्षरांच्या न्यायाने इंग्रजी आकडे सगळ्यांच्या आधी बसतात आणि देवनागरी आकडे ह च्याही पलीकडे, कारण देवनागरी शून्याचा क्रमांकच २४०६. त्यामुळे एकाच मजल्यावरचे दोन शेजारी यादीच्या दोन टोकांना. यावर उपाय एकच, आकडे घेतानाच एका रूपात घ्यावेत आणि दाखवताना ज्याला जे आवडेल त्या लिपीत दाखवावेत.

आणि उपाध्यांचे काय? ज्या यादीत नावाच्या रकान्यातच ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ लिहून ठेवले आहे, तेथे नावावर टिचकी मारली की सगळे डॉक्टर एका गटात, सगळे श्रीमान दुसऱ्या आणि सगळ्या सौभाग्यवती त्यांच्याही खाली. हळदीकुंकवाची आमंत्रणे काढायला ही सोय उत्तम आहे. इतर कामांसाठी उपाधीला तिचा स्वतंत्र रकाना द्यावा, आडनावाला त्याचा, आणि ते काम नोंद करतानाच उरकावे. मागाहून कितीही टिचक्या मारल्या तरी एका रकान्यात कोंबलेल्या तीन गोष्टी आपण होऊन वेगळ्या होत नाहीत. सोसायटीच्या जुन्या यादीतले ‘श्री.’ खोडायला आजोबा बसले आहेत. दोनशे बारा नावे आहेत, आणि प्रत्येक नावाला खोडण्याआधी ते म्हणे माफी मागतात.